घरातील व्यायामशाळा: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, लातूर, बीड, जालना, नांदेड या भागांतून घरच्या घरी व्यायामशाळा उभारण्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते येथे एकत्र केले आहेत. या विषयावरची बहुतेक माहिती मोठ्या शहरातील बंद, थंड सदनिका डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. आपल्याकडे घर माळवदाचे किंवा पत्र्याचे असू शकते, वीज ऐन वेळी जाते, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर राहतो आणि पाणी मोजून वापरावे लागते. म्हणून येथे आधी घराचा आणि हवामानाचा विचार केला आहे. साधनांची खरेदी त्यानंतर येते.

१. घरात व्यायामशाळा करायची तर कमीत कमी किती जागा लागते?

अंगाच्या वजनाचे व्यायाम आणि डंबेल एवढ्यापुरते पाहिले, तर ६ फूट बाय ८ फूट मोकळी जागा पुरते. आडवे झोपून दोन्ही हात बाजूला पसरले असता कशालाही धक्का लागू नये, ही सोपी कसोटी आहे. रॉड वापरायचा असेल तर रॉडच्या लांबीपेक्षा प्रत्येक बाजूला किमान दीड फूट जागा जास्त हवी, कारण वजनाच्या प्लेटा चढवताना आणि उतरवताना माणसाला तिथे उभे राहावे लागते. उंची मात्र बहुतेक जण मोजायला विसरतात. साडेपाच फूट उंचीच्या माणसाने रॉड डोक्यावर उचलला की मोठ्या प्लेटची वरची कड साधारण ८ फुटांपर्यंत जाते. उतरत्या पत्र्याच्या खोलीत कमी उंचीच्या बाजूला हा व्यायाम करता येत नाही.

२. सुरुवातीला नेमके काय घ्यावे? सगळा संच एकदम घेतला तर स्वस्त पडेल का?

एकदम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘होम जिम किट’ म्हणून मिळणाऱ्या संचात हलका बाक, पातळ रॉड आणि प्लॅस्टिकच्या आवरणात सिमेंट भरलेल्या प्लेटा असतात. त्या आकाराने मोठ्या आणि वजनाने कमी असल्यामुळे रॉडवरची जागा लवकर संपते, आणि आवरण तडकले की आतला भुगा बाहेर पडू लागतो.

पहिले तीन महिने फक्त जमिनीवर घालण्याचे रबर आणि पुलअपसाठी एक मजबूत आडवा बार एवढ्यावर काढावेत. या काळात जोर, बैठका, सूर्यनमस्कार आणि पुलअप नियमाने होत आहेत की नाही, हे स्वतःला कळते. जोर-बैठकांना जुनाट समजण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या तालमींत आजही तयारीचा पाया तोच आहे आणि कुस्तीची परंपरा असलेल्या याच मातीतून पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक मिळवले. घरी पडून असलेला मुद्गल किंवा गदा खांद्यांच्या व्यायामासाठी आजही उत्तम आहे. फक्त मुठीचे लाकूड तडकलेले नाही ना, हे पाहून घ्यावे.

त्यानंतर प्लेटा बदलता येणारी डंबेलची जोडी घ्यावी, आणि तिची सवय पक्की झाल्यावर रॉड व बाक. स्टँड अथवा रॅक (रॉड टेकवून ठेवण्याची लोखंडी चौकट) सर्वांत शेवटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. डंबेलच्या एका जोडीवर आणि रोजच्या भरभर चालण्यावर हे दोन्ही सहज पूर्ण होते.

३. दिवसभर शेतात राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज काय?

हा प्रश्न रास्त आहे. शेतातील कष्टाने दम आणि चिवटपणा येतोच. मात्र खुरपणी, कापूस वेचणी, ऊसतोडणी ही सारी कामे पुढे वाकून आणि तासन्‌तास एकाच पद्धतीने होतात. त्यामुळे कंबर आणि मान सतत ताणलेली राहते, तर पाठीचा वरचा भाग, नितंबाचे स्नायू आणि खांदे मागे ओढणारे स्नायू त्या मानाने दुबळे राहतात. अशा व्यक्तीने कामाच्या दिवशी जड वजन उचलू नये. संध्याकाळी २० मिनिटे आडव्या बारला लोंबकळणे, पाठ सरळ ठेवून हलक्या वजनाने रोइंग (पुढे झुकून वजन पोटाकडे ओढणे), आणि पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे एवढे पुरे आहे. जड व्यायाम कामाची ओढ नसलेल्या दिवसांत करावा. पेरणीच्या आणि सुगीच्या आठवड्यांत तो बंद ठेवला तरी नुकसान होत नाही. पाठीची कळ पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

४. वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर वजने ठेवली तर स्लॅबला धोका आहे का?

बहुतेकदा नाही, पण ‘बहुतेकदा’ म्हणजे काय हे समजून घ्यावे. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीच्या स्लॅबचे आरेखन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून केले जाते. जिना असलेल्या सपाट गच्चीसाठी हा आकडा साधारण १५० किलो, आणि जिथे माणसांची ये-जा अपेक्षित नाही अशा छतासाठी केवळ ७५ किलोच्या आसपास आहे. म्हणजे नंतर शिडी लावून वापरात आणलेले छत व्यायामशाळेसाठी बांधलेलेच नसते.

समजा रॉड, प्लेटा आणि स्टँड मिळून १५० किलो आणि माणूस ७० किलोचा आहे. हा २२० किलोचा भार ४ फूट बाय ६ फूट लाकडी फळीवर, म्हणजे सुमारे सव्वादोन चौरस मीटरवर पसरला, तर चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास पडतो. नीट बांधलेल्या स्लॅबला तो जड नाही. खरी अडचण वजन आदळण्याची आहे. कमरेच्या उंचीवरून सोडलेला रॉड क्षणभर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावतो, आणि तो जोर प्लेटांखालच्या दोन लहान जागांवर एकवटतो. म्हणून वरच्या मजल्यावर डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड कमरेपर्यंत उचलणे) करताना रॉड हाताने खाली टेकवावा, सोडू नये. जड सामान खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईच्या किंवा खालच्या भिंतीच्या जवळ ठेवावे.

स्लॅब जुना असेल, खालून गिलावा सुटून सळई दिसत असेल किंवा पावसाळ्यात ओल येत असेल, तर वरील हिशोब लागू होत नाही. सळई गंजली की स्लॅबची ताकद घटते. अशा ठिकाणी स्थापत्य अभियंत्याने पाहिल्याशिवाय एक प्लेटही वर चढवू नये.

५. आमचे घर माळवदाचे आहे. वर व्यायाम केला तर चालेल का? तुळईला बार टांगला तर?

दोन्ही गोष्टी करू नयेत, आणि यात मी कोणतीही सवलत सुचवणार नाही. माळवदावर मातीचा जाड थर असतो. त्याचे ओझे लाकडी तुळया आणि दगड-मातीच्या भिंती आधीच पेलत असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात जी प्रचंड मनुष्यहानी झाली, तिचे एक मोठे कारण मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचे जड छत हेच होते. अशा छतावर उड्या मारणे किंवा वाळवी लागली आहे की नाही हे बाहेरून न कळणाऱ्या तुळईला ७० किलोचा माणूस लोंबकळणे म्हणजे घरातल्या सर्वांनाच धोक्यात घालणे होय. व्यायामाची जागा अंगणात, ओसरीवर किंवा खालच्या पक्क्या जमिनीवर करावी. पुलअपसाठी अंगणात दोन लोखंडी खांब किमान दोन फूट खोल काँक्रीटमध्ये रोवावेत. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे नुसत्या मातीत ठोकलेला खांब वर्षभरात कलतो. जिथे काळीचा थर जाड आहे तिथे खड्डा मुरुमापर्यंत न्यावा.

पत्र्याच्या घरातही छताच्या पाइपाला किंवा अँगलला बार लावू नये. उष्णतेचा मुद्दा प्रश्न ९ मध्ये आहे.

६. शहाबादी फरशीवर काय अंथरावे?

शहाबादी फरशी कठीण असली तरी खाली पोकळी राहिली असेल तर एका आघातात फुटते. बोटाने ठोकून पाहावे. पोकळ आवाज येणारी फरशी काढून पुन्हा बसवून घ्यावी. एकमेकांत अडकणारे रंगीत फोमचे तुकडे जोर-बैठकांना चांगले, पण जड वजनाखाली ते दबतात आणि पाय डगमगतो. माझी शिफारस गोठ्यात जनावरांखाली घालतात त्या रबरी मॅटची आहे. ती दुग्धव्यवसायाचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळते, साधारण साडेसहा फूट बाय चार फूट आकाराची आणि १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असते. नवीन असताना रबराचा उग्र वास येतो. आठवडाभर सावलीत मोकळ्या हवेत पसरून ठेवल्यास तो बराच कमी होतो.

७. रॉड जाड घ्यावा की बारीक? ५० मिलिमीटर आणि ३० मिलिमीटर हा काय प्रकार आहे?

हे आकडे प्लेटच्या छिद्राचे आहेत. साध्या रॉडला २८ ते ३० मिलिमीटर छिद्राच्या प्लेटा लागतात. ऑलिंपिक रॉडची टोके ५० मिलिमीटर जाड असतात आणि ती स्वतःभोवती फिरतात, त्यामुळे मनगटावर ताण कमी येतो. पुरुषांचा प्रमाणित ऑलिंपिक रॉड २० किलो वजनाचा आणि २.२ मीटर लांब असतो, महिलांचा १५ किलोचा. १० फूट रुंदीच्या खोलीत २.२ मीटरचा रॉड जेमतेम बसतो. एका प्रकारच्या प्लेटा दुसऱ्या प्रकारच्या रॉडला नीट बसत नाहीत, म्हणून निर्णय पहिल्या खरेदीच्या वेळीच करावा. एकूण ८० ते १०० किलोच्या पुढे जाण्याचा विचार नसेल तर पाच फुटी साधा रॉड पुरतो.

स्थानिक बाजारातील प्लेटांवर लिहिलेले वजन आणि प्रत्यक्ष वजन यांत फरक असू शकतो. दोन बाजूंना वेगवेगळे वजन आल्यास पाठीला इजा होते. प्लेटा आडतीवरच्या किंवा किराणा दुकानातील काट्यावर तोलून, जोड्या जुळवून, खडूने खूण करून ठेवाव्यात.

८. वेल्डिंगच्या वर्कशॉपमधून रॅक करून घेतला तर सुरक्षित राहील का?

करून घेता येतो, आणि जालन्यासारख्या पोलादाच्या शहराजवळ राहणाऱ्याला तो परवडतोही. मात्र कारागीर खिडक्यांचे गज आणि फाटके नेहमी करतो, रॅक नाही. त्यामुळे मोजमाप आपणच कागदावर काढून द्यावे. उभ्या खांबांसाठी ५० बाय ५० मिलिमीटरचा चौकोनी पाइप घ्यावा आणि त्याच्या पत्र्याची जाडी किमान अडीच मिलिमीटर असावी. खालचा पाया पुढून मागे किमान चार फूट लांब हवा, अन्यथा रॉड परत ठेवताना रॅक मागे कलतो. रॉड टेकण्याच्या आकड्यांसाठीची भोके पाइप जोडण्यापूर्वीच दोन्ही खांबांत एकत्र मोजून पाडावीत. ती वेगवेगळी पाडली की रॉड कायम एका बाजूला झुकलेला राहतो.

माझ्या पहिल्या रॅकला आडव्या पाइपाच्या जोडावर फक्त दोन ठिकाणी टाके मारलेले होते आणि वरून रंग दिल्यामुळे ते दिसले नव्हते. सहाव्या महिन्यात एक जोड सुटला. रॉड त्या वेळी रिकामा होता म्हणून निभावले. तेव्हापासून मी एकच आग्रह धरतो: प्रत्येक जोड चारही बाजूंनी पूर्ण वेल्ड केलेला, रंगापूर्वी स्वतः डोळ्यांनी पाहिलेला असावा. रेड ऑक्साइड आणि रंग त्यानंतर. वापरण्यापूर्वी, आपण उचलणार त्याच्या दुप्पट वजनाची सिमेंटची पोती आकड्यांवर रात्रभर टांगून ठेवावीत आणि सकाळी जोड पुन्हा तपासावेत. एक पोते ५० किलोचे असल्याने हिशोब सोपा होतो. रॅक नट-बोल्टने सुटा होणारा करून घेतल्यास घर बदलताना तो दारातून बाहेर काढता येतो.

९. एप्रिल-मेमध्ये व्यायाम कसा करावा? पूर्ण बंद ठेवावा का?

बंद ठेवण्याची गरज नाही. वेळ आणि भार बदलावा लागतो. हवा त्वचेपेक्षा गरम झाली, म्हणजे सुमारे ३५ अंशांच्या पुढे गेली, की शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घामाचे बाष्पीभवन एवढाच उरतो. पंखा त्यास मदत करतो, पण ४२ अंशांच्या हवेत तोच पंखा गरम हवा अंगावर फेकत असतो. स्लॅब आणि पत्रा दिवसभर तापतात, स्लॅब तर रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. त्यामुळे संध्याकाळी सात वाजता बाहेर बरे वाटले तरी वरच्या मजल्याची खोली तापलेलीच असते. उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते सात ही वेळच योग्य आहे. पत्र्याच्या खोलीत सकाळी आठनंतर व्यायाम करू नये.

शरीराला उष्णतेची सवय होण्यास साधारण ७ ते १४ दिवस लागतात. मार्चअखेरीस किंवा पुण्या-मुंबईहून गावी आल्यावर पहिले दोन आठवडे नेहमीच्या निम्म्याने सुरुवात करावी. तासाभरापेक्षा कमी व्यायामाला साधे पाणी पुरते. घाम फार जात असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण पाळावे. चमचा चहाचा असावा आणि मीठ अंदाजाने वाढवू नये.

चक्कर, मळमळ, डोके ठणकणे असे काहीही जाणवले तर लगेच थांबून सावलीत बसावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा, घाम येत असला तरीही. अंगावर पाणी ओतून वारा घालणे तत्काळ सुरू करावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये, आणि शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

१०. पाणीटंचाईत कूलर लावणे आणि घामाचे कपडे रोज धुणे परवडत नाही. काय करावे?

कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगले काम करतो. पावसाळी दमट हवेत त्याचा उपयोग उरत नाही. पण टँकरवर दिवस काढणाऱ्या घरात कूलरचे पाणी व्यायामासाठी खर्च करावे, असे मी म्हणणार नाही. पहाटेची वेळ पाळली तर त्याची गरज पडत नाही. मान आणि मनगटांवर ओला पंचा ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. व्यायामाच्या कपड्यांचे दोन जोड ठेवून घामाचा जोड कडक उन्हात वाळवावा आणि एक दिवसाआड धुवावा. खरूज, नायटा असल्यास मात्र कपडे रोज धुवावेत आणि मॅट इतरांना वापरू देऊ नये.

११. ट्रेडमिल घ्यावी का?

माझे उत्तर बहुतेकांसाठी ‘नको’ असे आहे. चालू पट्ट्यावर वीज गेली की पट्टा थांबतो आणि माणूस पुढे झोकला जातो. घरगुती इन्व्हर्टर सहसा तो भार घेत नाही. व्होल्टेज कमी-जास्त होणाऱ्या भागात तिचे सर्किट बिघडते आणि दुरुस्तीसाठी माणूस जिल्ह्याच्या ठिकाणाहून यावा लागतो. ज्यांना गुडघ्यांमुळे रस्त्यावर चालता येत नाही किंवा ज्यांच्या घराबाहेर चालणे सुरक्षित नाही, त्यांनी जरूर घ्यावी. तेव्हा मोटारीचा ‘पीक’ अश्वशक्तीचा आकडा न पाहता सतत चालण्याचा आकडा पाहावा, १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि नीट अर्थिंग करून घ्यावे, आणि सुरक्षेची दोरी कपड्याला अडकवल्याशिवाय पट्ट्यावर पाऊल ठेवू नये. लहान मुले असलेल्या घरात वापर झाल्यावर चावी काढून ठेवावी. चुंबकीय रोध असलेली व्यायामाची सायकल बहुतेकदा विजेशिवाय चालते, म्हणून आपल्याकडे ती अधिक उपयोगी आहे.

१२. एकट्याने बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून रॉड छातीवरून वर ढकलणे) केला तर चालेल का?

छातीच्या उंचीवर आडवे सुरक्षा-दांडे असलेला रॅक असेल तरच. तसा रॅक नसल्यास जमिनीवर झोपून प्रेस करावा, कारण कोपरे जमिनीला टेकतात आणि रॉड छातीवर येत नाही. याला एक अपवाद आहे. रॉड निसटला तर त्याला थोपवून धरण्याचे काम प्लेटांचा व्यास करतो. ४५० मिलिमीटर व्यासाच्या प्लेटा असतील तर रॉडखाली सुमारे २१ सेंटिमीटर जागा राहते, परंतु लहान प्लेटा लावल्या असतील तर रॉड थेट छातीवर किंवा गळ्यावर येऊ शकतो. त्या वेळी रॉडऐवजी डंबेल वापरावीत.

१३. मी गृहिणी आहे. वजन उचलल्याने शरीर पुरुषी होईल का? मला किती वजनापासून सुरुवात करता येईल?

होत नाही. स्नायूंची मोठी वाढ ज्या संप्रेरकावर अवलंबून असते ते स्त्रियांच्या शरीरात पुरुषांच्या तुलनेत फारच कमी असते. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होण्याचा वेग वाढतो आणि वजनाचा व्यायाम त्यास आळा घालतो, म्हणून चाळिशीच्या आसपास तर तो आवर्जून सुरू करावा. दुकानात महिलांना एक-दोन किलोची डंबेल दाखवली जातात. जी स्त्री पाण्याने भरलेली १५ लिटरची घागर रोज कमरेवर घेऊन येते, ती १५ किलो आधीच पेलत आहे. तिने बैठकांसाठी आठ-दहा किलोपासून आणि खांद्याच्या व्यायामासाठी तीन-चार किलोपासून सुरुवात करावी. घागर नेहमी एकाच कुशीवर घेतली जाते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने वजन धरून चालण्याचा व्यायाम मुद्दाम करावा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्यायाम करावा.

१४. रक्तदाब किंवा मधुमेह आहे. घरी वजने उचलता येतील का?

औषधाने आटोक्यात असेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर उचलता येतात. श्वास रोखून जोर लावल्यास रक्तदाब एकाएकी चढतो. म्हणून वजन उचलताना श्वास सोडावा आणि इतकेच वजन घ्यावे की श्वास रोखावा लागणार नाही. दाब १८०/११० च्या वर असल्यास त्या दिवशी व्यायाम करू नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी आधी साखर तपासावी, ती १०० च्या खाली असल्यास काही खाऊन मगच सुरुवात करावी, आणि पायाची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी व्यायाम टाळावा.

१५. नवरात्राचे उपवास किंवा रमजानचे रोजे असताना काय करावे?

फराळ घेऊन केलेल्या उपवासात हलका व्यायाम चालतो. निर्जळी उपवासात आणि रोज्यात दिवसा फक्त अंग मोकळे करावे. रोजा ठेवणाऱ्यांनी वजनाचा व्यायाम इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी करावा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी प्रश्न १४ पाहून डॉक्टरांशी बोलावे.

१६. लातुरात शिकायला भाड्याच्या खोलीत राहतो आणि पोलीस भरतीचीही तयारी करतो. खोलीतली व्यायामशाळा पुरेल का?

ताकदीसाठी पुरेल, धावण्यासाठी नाही. मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक, तर महिलांना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा आणि महिलांचा ४ किलोचा. आठवड्यातून चार दिवस मैदानावरच जावे. खोलीत रबरी मॅट, १० ते १५ किलोची डंबेल आणि जाड कापडी पिशवीत भरलेली कोरडी वाळू एवढे ठेवावे. वाळूसाठी खताचे रिकामे पोते वापरू नये. त्यात उरलेले खत त्वचेला चुरचुरते. भिंतीत खिळे मारण्यापूर्वी घरमालकांना विचारावे. दाराच्या चौकटीत पिळून बसवायचा बार घेण्याआधी चौकट भिंतीत पक्की आहे ना हे हाताने हलवून पाहावे, आणि रोज लोंबकळण्यापूर्वी तो पुन्हा आवळावा.